खोडलेल्या सात ओळी

लिफ्ट बंद पडली तेव्हा तिच्या खांद्याला लॅपटॉप होता, अर्धं तोंड बधिर होतं आणि नोकरी सोडायचा विचार तिच्या डोक्यात चुकूनही नव्हता. सातव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तिची दाढ भरून दिली होती आणि 'दोन तास काही चावू नका, फार बोलू नका' असं बजावून वाटेला लावलं होतं. पहिली अट सोपी होती. दुसरी मात्र तिला जड जाणार होती. ती एका भल्यामोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची आणि तिच्या दर वाक्यात एक 'पण' असायचा. 'झालंय, पण...', 'छानच आहे, पण...', 'चालेल, पण...' म्हणून ऑफिसातल्या टवाळांनी तिचं नाव ठेवलं होतं पणती. ते इतकं चिकटलं, की खरं नाव आता फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. आपणही पणतीच म्हणू.

पाचव्या मजल्यावर तो आत आला. उंच, जरासा पोक काढून चालणारा, शर्टाच्या बाहीवर वंगणाचा डाग आणि चेहऱ्यावर आत्ताच कुठंतरी कौतुक झाल्याचं समाधान. तिसरा आणि दुसरा मजला यांच्यामध्ये लिफ्टला एक हिसका बसला आणि ती थांबली. दिवा चालू राहिला, पंखा बंद पडला. पणतीनं धोक्याची घंटा दाबली. घंटा वाजली नाही.

"घाबरू नका," तो म्हणाला. "या लिफ्टची देखभाल आमच्याकडेच आहे."

आता यावर माणसानं धीर धरायचा की जास्त घाबरायचं, तुम्हीच सांगा. पणतीनं भुवया उंचावल्या.

"म्हणजे माझी ताई लिफ्ट दुरुस्त करते, आणि मी त्या कामाचं सॉफ्टवेअर लिहितो. आत्ताच वर इमारतीच्या सेक्रेटरींना दाखवून आलो. फोनवर तक्रार नोंदवली, की जवळच्या मेकॅनिकला लगेच निरोप जातो. बघाच आता."

त्यानं ऐटीत फोन काढला, फॉर्म उघडला, पत्ता भरला, मजला भरला. मग त्याचा अंगठा थबकला. पडद्यावर लिहिलं होतं, 'लिफ्टच्या बाहेरच्या पाटीचा फोटो काढा.' फोटो सक्तीचा होता. पाटी बाहेर होती. हे दोघं आत होते.

तो फोनकडे बघत राहिला, मग दाराकडे, मग पुन्हा फोनकडे. पणतीला हसू फुटलं. अर्धंच तोंड हलत असल्यामुळे ते वाकडं आलं, आणि त्यानं काळजीनं विचारलं, "तुम्हाला काही होतंय का?"

तिनं गालाकडे बोट दाखवलं, खाली बसकण मारली, लॅपटॉप उघडला आणि मोठ्या अक्षरांत टाइप केलं : दाढ भरलीय, बोलता येत नाही. हा फॉर्म लिहिणारा माणूस कधी लिफ्टमध्ये अडकलेला दिसत नाही.

"आज अडकला ना," तो म्हणाला, आणि तिच्याशेजारी खाली बसला.

त्यानं बहिणीला फोन लावला. ताईचा आवाज असा खणखणीत, की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. "फॉर्म भर. फॉर्म आल्याशिवाय कुणी हलायचं नाही, हा नियम तुझाच. परवा सगळ्या मेकॅनिकांसमोर मला ऐकवलास."

"अगं ताई, पण तो फॉर्म—"

"भर," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

पणतीनं टाइप केलं : मला तुमच्या ताई आवडल्या.

मग काय करतो बिचारा. त्यानंही लॅपटॉप काढला, कोड उघडला. पणती जरा सरकून बसली. फोटोची सक्ती काढायला दोन मिनिटं लागली असतील. पण तेवढ्यावर सोडेल ती पणती कसली. तिनं लिहिलं : पहिला प्रश्न हा हवा – तुम्ही आत आहात की बाहेर? आत असाल तर पुढे काही विचारू नका. फक्त धीर द्या.

"फॉर्मनं धीर कसा द्यायचा?"

तिनं लिहिलं : कोण येतंय आणि किती मिनिटांत येतंय, ते सांगायचं.

त्यानं फॉर्म वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. "वर्ष झालं हा फॉर्म लिहून," तो शेवटी म्हणाला. "दोनशे लिफ्ट आहेत आमच्याकडे. लिफ्टच्या आत माणूस असेल, हे मी धरलंच नव्हतं."

असं सरळ कबूल करणारा माणूस पणतीनं पाच वर्षांत पाहिला नव्हता. तिच्या ऑफिसात चूक झाली, की आधी तीन मीटिंगा व्हायच्या, आणि मग ती चूक नव्हतीच असं ठरायचं.

बदल तिथूनच, लिफ्टच्या जमिनीवर बसून चालू केला. फॉर्म भरला. पडद्यावर आलं : ताई येत आहेत. अठरा मिनिटं. त्या अठरा मिनिटांत तो बोलत होता, ती टाइप करत होती, आणि दोघांनाही त्यात काही विचित्र वाटेनासं झालं. सतराव्या मिनिटाला वरचं दार किलकिलं झालं. कमरेला हत्यारांचा पट्टा, केस रुमालात बांधलेले, अशा एक बाई वाकून खाली बघत होत्या.

"या वेळी फॉर्म शहाण्यासारखा आला," त्या म्हणाल्या. "कुणी केला?"

त्यानं पणतीकडे बोट दाखवलं.

*

त्यानंतर महिनाभर काय चाललं होतं, ते विचाराल तर दोघांनीही 'कामाचं बोलत होतो' असंच सांगितलं असतं. पणतीच्या ऑफिसच्या खाली, कारंज्याशेजारी एक बाक होता. संध्याकाळी साडेपाचला तो तिथे कागदी पेल्यांत दोन चहा घेऊन बसलेला असायचा. त्याचं म्हणणं, सॉफ्टवेअरबद्दल सल्ला हवा असतो. सल्ला दहा मिनिटांत संपायचा. चहा मात्र तासभर पुरायचा.

"तुमच्या अकराव्या मजल्यावर नक्की काय करतेस तू?" एकदा त्यानं विचारलं. तोवर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कुणालाच कळलं नव्हतं.

"एका पडद्यावर एक यादी आहे. आठ महिने मी त्या यादीवर काम करतेय."

"मोठी यादी असेल."

"चार पर्याय आहेत. पण त्यावर एकोणीस जणांची सही लागते."

"आणि ती यादी वापरतं कोण?"

पणतीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला माहीत नव्हतं. वापरणारी माणसं तिनं कधी पाहिलीच नव्हती.

"तू गप्प बसलीस," तो म्हणाला. "दाढ पुन्हा दुखतेय की काय?"

"तुझ्या प्रश्नानं दुखायला लागली."

"मग औषध म्हणून हा चहा घे. माझा आहे, पण अर्धाच प्यायलोय."

ती हसली, आणि त्याचा पेला खरंच घेतला. तो मग बराच वेळ कारंज्याकडे बघत राहिला, आणि त्याचे कान लाल झाले होते.

अकराव्या मजल्याला नावं ठेवायला मात्र पणतीची जीभ वळत नसे. ती तिथे आली तेव्हा तिला नमस्कारसुद्धा धड टाइप करता येत नव्हता, असं ती स्वतःच म्हणायची. तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला बोटाला धरून शिकवलं होतं. पहिल्या वर्षी तिच्या एका चुकीनं सगळ्यांचं काम दोन दिवस ठप्प झालं, तेव्हा बाई भर मीटिंगमध्ये 'आमची चूक झाली' म्हणाल्या होत्या. 'तिची' नव्हे, 'आमची'. तो एक शब्द पणती जन्मात विसरणार नव्हती.

मग एका सोमवारी ताईंनी तिला बोलावलं. "आम्हाला तुझ्यासारखं माणूस हवंय. पण आमच्याकडे मुलाखत नसते. एक दिवस माझ्याबरोबर फिरायचं. मग मला तू कळशील आणि तुला आम्ही."

पणतीनं रजा टाकली आणि दिवसभर ताईंच्या मागे जिने चढली. दुपारी एका इमारतीच्या गच्चीवर, यंत्राच्या खोलीत, ताईंनी कोपरापर्यंत काळे झालेले हात झटकले आणि फोनवरचं 'काम झालं' हे बटण चक्क नाकानं दाबलं. तेही तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा नेम चुकला.

"रोज असंच करता?" पणतीनं विचारलं.

"मग काय, हात पुसत बसू? आमच्याकडे सगळे नाकानंच दाबतात. ज्याचं नाक मोठं त्याचं काम लवकर संपतं."

बाहेर बारीक पाऊस होता. पणती पायरीवर बसली, लॅपटॉप उघडला आणि ते बटण अख्ख्या पडद्याएवढं केलं, मनगटानं, कोपरानं, कशानंही दाबता येईल असं. अर्ध्या तासाचं काम. अकराव्या मजल्यावर याला दोन महिने लागले असते, आणि नाकाची गोष्ट तर कुणाला कळलीच नसती.

खाली उतरताना सहाव्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ दारात उभे होते. नऊ दिवस लिफ्ट बंद, गुडघे आखडलेले, त्यामुळे ते घराबाहेर पडलेच नव्हते. ते लिफ्टनं खाली गेले, फाटकाशी दोन मिनिटं नुसते उभे राहिले आणि परत आले. "तुम्ही दुरुस्त केलीत?" त्यांनी पणतीला विचारलं.

"नाही हो, ताईंनी. मी फक्त एक बटण मोठं केलं."

"मग बटणाबद्दल आभार," ते म्हणाले आणि हात जोडून आत गेले.

पाच वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी अनोळखी माणसानं तिचे आभार मानायची ती पहिलीच वेळ. तिला एकदम भरून आलं. ताईंनी बघितलं, बघून न बघितल्यासारखं केलं, आणि जिन्यात म्हणाल्या, "ये आमच्याकडे. पगार तुझ्या आत्ताच्या पगाराच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि वर्षभरानं आम्ही असू की नाही, तेही सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू? पुढच्या सोमवारपर्यंत सांग."

*

मंगळवारी संध्याकाळी बाकावर तिनं त्याला विचारलं. खरं तर उत्तर तिनं मनात तयारच ठेवलं होतं. त्यानं फक्त ते उच्चारायचं होतं.

"येऊ का मी?"

तो चहाच्या पेल्यात बघत म्हणाला, "तुझी कंपनी चांगली आहे. नाव आहे, शिस्त आहे. आमचं पुढचं काही खरं नाही. नीट विचार कर."

"एवढंच?"

"एवढंच." त्यानं मान वर केली नाही.

पणती घरी आली ती पाय ओढत. महिनाभर आपणच मनात इमले बांधले, तो बिचारा खरोखरच सल्ला घ्यायला येत होता, असं तिला वाटलं, आणि स्वतःचाच राग आला. दिवसभर जिने चढल्याचा आनंद एका 'एवढंच'नं पार उतरला.

त्यात भर म्हणून बुधवारी बाईंनी तिला खोलीत बोलावलं. नवी टीम उभी राहणार होती, चौदा जणांची, आणि तिची प्रमुख पणती. "तुझं नाव मी सुचवलंय," बाई म्हणाल्या. "सोमवारी हो म्हण, म्हणजे झालं."

बाईंपासून काही लपवणं पणतीला कधी जमलं नव्हतं. तिनं सगळं सांगून टाकलं. लिफ्ट, ताई, बटण, आजोबा. त्याच्याबद्दल तिनं एकच वाक्य सांगितलं, पण ते सांगताना ती ज्या तऱ्हेनं टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिली, त्यावरून बाई उरलेलं समजल्या.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "काम आवडलं असेल तर खुशाल जा. मीच तुला पोचवायला येईन. पण नोकरी आणि माणूस एकाच छपराखाली ठेवशील, आणि उद्या तुमचं दोघांचं बिनसलं, तर जायला तुलाच लागेल. कंपनी त्याची, बहीण त्याची. माणूसही जाईल आणि कामही जाईल. एवढं एक पारखून घे."

"बिनसायला आधी काही असावं तर लागतं ना, बाई."

"ते मला सांगू नकोस. पेन्सिल ठेव खाली."

पणतीनं पेन्सिल ठेवली. आणि त्याच दुपारी मनाशी ठरवलं, की इथेच राहायचं. ज्याला आपण नकोच आहोत त्याच्या समोरच्या खुर्चीत रोज बसायचं, हे आपल्याच्यानं होणार नाही.

*

फक्त एक काम उरलं होतं. ताईंकडचं ते बटण काही जुन्या फोनवर अजून अर्धवट दिसत होतं. हाती घेतलेलं अर्धवट टाकून नाही म्हणणं पणतीच्या स्वभावात नव्हतं. शनिवारी सकाळी ती खिडकीशी बसली, ताईंनी दिलेल्या परवानगीनं त्यांचा कोड उघडला आणि दुरुस्ती केली. त्यात एक ओळ विचित्र दिसली. ही अशी का, कुणी लिहिली, म्हणून तिनं त्या फाइलचा इतिहास उघडला.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. सॉफ्टवेअर लिहिणारे लोक एकेक अक्षर बदलतात ते सगळं नोंदलं जातं. कुणी बदललं, कोणत्या दिवशी, किती वाजता, आधी काय होतं, नंतर काय झालं. पुसलेलंही तिथे जसंच्या तसं राहतं. हे त्यांच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यालाही होतं. पण त्याला एक खोड होती. त्याला विचार करायचा असला, की तो वही घेत नसे. समोर जी फाइल उघडी असेल तिच्यातच, संगणक वाचत नाही अशा टिपणाच्या ओळी लिहायचा, मग खोडायचा. आणि दर दहा मिनिटांनी काम साठवायची त्याच्या बोटांना इतकी सवय, की काय साठवतोय तेही बघत नसे.

मंगळवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. सात ओळी वाढवल्या. तीन एकतीस. सात ओळी काढल्या. पणतीनं त्या सात ओळी उघडल्या.

ती आज विचारेल, येऊ का.
ये म्हटलं तर ती माझ्या शब्दावर येईल, आणि माझ्या शब्दात माझा स्वार्थ आहे.
नको तर म्हणवत नाही.
महिनाभर मी त्या बाकावर सल्ल्यासाठी जात नव्हतो.
तिलाही तसंच वाटत असेल, असं धरून चालू नये.
तिला काम आवडलंय. ते तिचं राहू दे. त्यात आपण लुडबुड करू नये.
चेहरा सरळ ठेवायचा. चहाकडे बघायचं.

पणतीनं त्या ओळी तीनदा वाचल्या. शेवटच्या ओळीला तिला हसू आलं, आणि हसता हसता कधी रडू आलं ते कळलं नाही. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लिफ्टवाला का?"

"तुला कसं कळलं?"

"महिनाभर तू लिफ्ट असताना जिन्यानं येतेयस, आणि आल्यावर लिफ्टबद्दलच बोलतेस. मी आई आहे तुझी, भिंत नाही."

पणतीनं आईला सगळं सांगितलं. बाबा वर्तमानपत्राआडून ऐकत होते. एका कारखान्याच्या गोदामात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती, एकाच टेबलाशी, एकाच खुर्चीत. पणतीला वाटलं, आता बाबा 'हातचं सोडून पळत्याच्या मागे' सुरू करणार.

"मला विचारू नकोस," बाबा म्हणाले. "मी दुसरं काही बघितलंच नाही. पण त्या बत्तीस वर्षांत मी घरी येऊन माझ्या कामाबद्दल किती बोललो, ते तुझ्या आईला विचार."

"एक शब्द नाही," आई म्हणाली.

"आणि ही गेल्या सोमवारपासून त्या नाकाची गोष्ट चार वेळा सांगून झालीय." बाबांनी पान उलटलं. "आता यातून काय ते तूच समज."

शनिवार गेला, रविवार गेला. पणतीनं स्वतःला दोन प्रश्न वेगवेगळे विचारले. तो नसता, तर ताईंकडे गेली असती का? आजोबांचे जोडलेले हात डोळ्यांसमोर आले. हो, गेली असती. ताईंची कंपनीच नसती, तर तो हवा होता का? हे विचारायचीसुद्धा तिला लाज वाटली, इतकं ते उत्तर तयार होतं. राहता राहिला बाईंचा प्रश्न. बिनसलं तर? तो प्रश्न तसाच घेऊन ती रविवारी झोपली.

सोमवारी सकाळी ती बाईंच्या खोलीत गेली आणि ताईंकडे जायचं ठरवलंय, हे सांगून टाकलं. "तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत—"

"ते इथे डांबून ठेवायला नव्हतं केलं," बाई म्हणाल्या. त्यांनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. "चौदा जणांना मी दुसरं कुणी शोधेन. तू जा. नाही जमलं तर परत ये, आणि जमलं तरी चहाला ये."

पणती वाकून नमस्कार करायला गेली, तर बाईंनी तिला मध्येच धरलं आणि मिठीत घेतलं. पाच वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. दोघींनाही ते नीट जमलं नाही, बाईंचा चष्मा वाकडा झाला, पण पणतीला त्या क्षणी आपण फार नशीबवान आहोत असं वाटलं.

*

ताईंचं ऑफिस म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दुपारी पणती जिना चढून गेली तेव्हा तो एकटाच होता. तो उठला, खुर्ची पुसली, तीच स्वतःकडे ओढून त्यावर बसला, मग पुन्हा उठून तिला दिली.

"ताई येतेच आहे," तो म्हणाला. "ठरलं तुझं?"

"ठरलं. दोन उत्तरं आहेत. एक ताईंना, एक तुला."

"मी कुठे काही विचारलं?"

"विचारलंस की. मंगळवारी, तीन वाजून वीस मिनिटांनी. तीन एकतीसला खोडलंस."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, मग परत आला, आणि जास्तच आला. "तू इतिहास उघडलास."

"मी सगळंच उघडते. तुला माहीत आहे."

"अकरा मिनिटं होत्या गं त्या ओळी..." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "चहाचीही वाचलीस?"

"चहाचीही वाचली. एक चूक आहे त्यात. पाचव्या ओळीत."

तो बोटांच्या फटीतून बघत राहिला. "कोणती?"

"तिलाही तसंच वाटत असेल असं धरून चालू नये, असं लिहिलंयस." पणती खुर्चीत जराशी पुढे सरकली. "धरून चालायला हरकत नव्हती."

खाली किल्ल्यांचं यंत्र करकरत होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं. त्यानं हात खाली घेतले. इतका आनंद झालेला माणूस थोडा बावळटच दिसतो. तोही दिसत होता.

"थांब," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय, ती आधी ऐक. मला हे काम हवंय, तुझ्याशिवायही हवं होतं. आणि तू हवायस. उद्या आपलं बिनसलं, तर कंपनी तुझी आहे. मला दोन्ही सोडून जावं लागेल. मी दोन दिवस यावर उत्तर शोधतेय, मला सापडत नाही."

तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात दारातून आवाज आला. "त्यानं ते बुधवारीच मिटवलंय."

ताई दारात पट्टा सोडत उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं, देव जाणे. "सकाळी सकाळी माझ्याकडे आला, हे एवढंसं तोंड करून. म्हणाला, ताई, ती आली आणि पुढे कधी आमचं बिनसलं, तर जायचं मी. तिची खुर्ची हलवायची नाही. कागदावर लिहून, सही करून दिलंय. मी विचारलं, अरे, तिला काही विचारलंस तरी का? तर म्हणे, नाही, आणि विचारणारही नाही. मग म्हटलं, बिनसणार काय, माझं कपाळ?"

पणती त्याच्याकडे बघत राहिली. ही कंपनी त्यानं ताईंबरोबर शून्यातून उभी केली होती. इथल्या सॉफ्टवेअरची जवळजवळ प्रत्येक ओळ त्याची होती. आणि त्यानं तिचं 'हो' यायच्या आधी, येईल याची आशाही नसताना, स्वतःची खुर्ची तिच्यासाठी लिहून दिली होती. जिच्यावर तिला दोन दिवस उत्तर सापडत नव्हतं, ती अडचण त्यानं तिला न सांगता स्वतःच्या अंगावर घेतली होती. तिला वाटलं, बाईंना आत्ताच्या आत्ता फोन करावा. मग वाटलं, नको, हे थोडा वेळ आपल्यापाशीच राहू दे.

"ताई, मी येतेय," ती म्हणाली. "एक तारखेपासून."

"ते कळलं. त्याचं काय ते बघ, मघापासून उभाच आहे बिचारा." ताईंनी काळे हात वर धरले. "मी हात धुऊन येते. मला हात धुवायला पंधरा मिनिटं लागतात."

आतल्या खोलीचं दार लागलं. नळ सुरू झाला. तो हळूच खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. पणतीनं त्याचा हात हातात घेतला. वंगणाचा वास येत होता, आणि तळहात गार पडला होता.

"थँक यू," ती म्हणाली.

"कशाबद्दल? त्या कागदाबद्दल?"

"त्याबद्दल तर आहेच. पण आधी त्या सात ओळी लिहिल्याबद्दल. खोडल्याबद्दल नाही."

"आता... तोंडानं सांगू का त्या?"

"सांग. पाचवी तेवढी दुरुस्त करून."

त्यानं घसा खाकरला. पहिल्या ओळीलाच अडखळला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला. पणतीला काही घाई नव्हती. ती त्याचा हात धरून ऐकत बसली.